प्रकल्प नोंदी: 'ठोकळा', मथळ्यांसाठी एक जाडजूड स्लॅब-सेरिफ

३ फेब्रुवारी

आज नव्या फॉन्टची फाईल उघडली. तात्पुरतं नाव 'ठोकळा'. रोमन लिपी, एकच वजन (म्हणजे अक्षराची जाडी), तेही भरभक्कम. अक्षरांच्या डोक्याला आणि पायाला चौकोनी पट्ट्या, म्हणजे स्लॅब-सेरिफ. एकोणिसाव्या शतकातल्या सर्कशीच्या आणि नाटकांच्या पत्रकांवर लाकडी ठशांनी छापलेली जी अक्षरं दिसतात, त्यांच्या घराण्यातला. फक्त मथळ्यांसाठी. ३६ पॉइंटांखाली कुणी वापरला तर त्याचं तो बघेल.

हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवतेय, कारण दोन महिन्यांनी मलाच मोह होणार आहे, 'मजकुरालाही चालेल इतपत बारीक करून बघू का?' नाही.

मापं ठरवली. चौकट १००० युनिटांची. कॅपिटलची उंची ७००. लहान अक्षरांची, म्हणजे एक्स-हाइट, ५२०. खाली लोंबणाऱ्या शेपट्या फक्त १७०. शेपट्या आखूड असल्या की ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसवता येतात, आणि मला तसंच हवंय. चार ओळी रचल्या की भिंत उभी राहिल्यासारखी दिसली पाहिजे.

५ फेब्रुवारी

दोन दिवस नुसतं वाचन. या जातीच्या नावांचा घोळ डोकं फिरवणारा आहे. व्हिन्सेंट फिगिन्सच्या लंडनमधल्या फाउंड्रीने (टाईप ओतणाऱ्या कारखान्याने) १८१५च्या सुमाराच्या नमुनापुस्तकात स्लॅब अक्षरं दाखवली आणि त्यांना म्हटलं 'अँटीक'. १८१६मध्ये चौथ्या विल्यम कॅसलनने 'इजिप्शियन' नावाचा टाईप दाखवला, तर त्याला सेरिफच नव्हते! छापखान्याच्या टाईपमधला पहिला सान्स, म्हणजे बिनसेरिफ, तोच. पुढे रॉबर्ट थॉर्नची स्लॅब अक्षरं विल्यम थॉरोगूडने १८२१मध्ये 'इजिप्शियन' म्हणून बाजारात आणली आणि ते नाव स्लॅबला कायमचं चिकटलं. फ्रेंच वर्गीकरणात मात्र 'अँटीक' म्हणजे सान्स. नेपोलियनच्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचं वेड होतं म्हणून बहुधा हे नाव, एवढाच काय तो त्या देशाशी संबंध.

माझ्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. ही अक्षरं पुस्तकासाठी जन्मलीच नाहीत. रस्त्यावर, लांबून, घाईत वाचायला म्हणून ती आली. मजकुरात उठावासाठी वापरायचा स्लॅब नंतरचा. रॉबर्ट बेझलीच्या फाउंड्रीत बेंजामिन फॉक्सने कोरलेला 'क्लॅरेंडन', १८४५. त्याची इंग्लंडच्या डिझाइन कायद्याखाली नोंदणीही झाली होती, पण संरक्षण तीनच वर्षांचं. मुदत संपली आणि सगळ्या फाउंड्र्यांनी आपापला क्लॅरेंडन काढला.

९ फेब्रुवारी

कॅपिटल एच आणि कॅपिटल ओ. सगळं घर या दोन खांबांवर उभं राहणार.

एच: दांडा १९० युनिट जाड, दोन दांड्यांमधली पोकळी २००, स्लॅब प्रत्येक बाजूला ६० बाहेर. एकूण रुंदी ७००, म्हणजे उंचीइतकीच. स्लॅबची जाडी १२० धरली. आतल्या बाजूने दोन स्लॅब समोरासमोर येतात आणि मध्ये ८० उरतात.

ओ: बाजूची जाडी १९० दिली तर तो एचपेक्षा हडकुळा दिसतो. गोलाईची जाडी एकाच बिंदूला पूर्ण असते, पुढे लगेच उतरते, आणि डोळा सरासरी बघतो. २०२ केल्यावर दोघं एका वजनाचे वाटले. वर-खाली १२ युनिट ओव्हरशूट, म्हणजे गोलाई रेषेच्या किंचित बाहेर. त्याशिवाय ओ बेसलाईनवर टेकल्यासारखा न दिसता हवेत राहतो.

१२ फेब्रुवारी

स्लॅब दांड्याला कसा भेटावा, हा पहिला खरा वाद. काटकोनात भेटला तर फिगिन्सच्या 'अँटीक'ची परंपरा. छोट्या वळणाने भेटला, ज्याला ब्रॅकेट म्हणतात, तर क्लॅरेंडनची. १९३०च्या आसपासचे 'मेंफिस', 'सिटी', 'रॉकवेल' हे काटकोनीच आहेत, पण ते पट्टी-कंपासातून निघालेले. काटकोन असून ते जुने वाटत नाहीत, कारखान्यासारखे वाटतात.

ब्रॅकेट लावून पाहिला. एकदम गोड. फारच गोड, खरं तर. माझ्या ठोकळ्याला गालावर खळी पडली. काटकोन ठेवतेय. एचला त्यामुळे बरोबर २८ नोड (बाह्यरेषा ठरवणारे बिंदू): चारही टोकांना सहा-सहा आणि मधल्या आडव्या दांडीचे चार. सगळे कोपरे, एकही वळण नाही. समाधान वाटलं.

१८ फेब्रुवारी

लहान एन झाला (दांडा १९०, पोकळी १५०, स्लॅब ५०). लहान एमने दिवस खाल्ला.

एनचीच मापं तिसऱ्या दांड्याला लावली तर एम ९७० रुंद होतो. शब्दात आडवा पडलेला म्हातारा दिसतो. दांडे १६८ केले, पोकळ्या ११८. रुंदी ८४०. पण मग पायाशी गोंधळ: ११८च्या पोकळीत दोन्हीकडून ५०-५०ची पावलं आली की उरतात १८. लांबून ती फट दिसतच नाही, एमच्या पायाखाली सलग फळी ठोकल्यासारखी वाटते. शेवटी मधल्या दांड्याचं पाऊल काढून टाकलं. आता दोन्ही बाजूंना ६८ मोकळे. विचित्र दिसेल अशी भीती होती. शब्दात ठेवल्यावर मलाच कळलं नाही की काही काढलंय.

यावरून एक गोष्ट पक्की होतेय. इतक्या जाड अक्षरात मी काळं काढत नाहीये. काळं आपोआप येतं, पांढरं वाचवावं लागतं.

२५ फेब्रुवारी

लहान ई, ए, एस. एक्स-हाइटच्या आत तीन आडव्या रेघा आणि दोन पोकळ्या बसवायच्या. ईचा हिशेब: ५२० अधिक दोन्हीकडचे ओव्हरशूट, ५४४. वरची कमान ११२, मधली दांडी ८४, खालची कमान ११२. झाले ३०८. उरले २३६, त्यात वरच्या डोळ्याला १०६, खालच्या उघड्या पोकळीला १३०. मधली दांडी ८४ची आहे हे कुणाच्याही लक्षात येणार नाही, पण ती ११२ ठेवली असती तर डोळा मिटलाच असता.

लहान ए दोन मजली ठेवला. त्याच्या वरच्या टोकाला चेंडू द्यावा की चौकोनी चोच? क्लॅरेंडनवाल्यांचा चेंडू असतो. मी ब्रॅकेट नाकारला, मग चेंडू कुठल्या तोंडाने घेऊ? घेतला तरीही. चोचीने ए रागावलेला दिसत होता. आता सी, एफ, आर आणि वाय यांनाही चेंडू द्यावे लागणार, नाहीतर एचा एकट्याचा दागिना होईल.

२ मार्च

आर, जे, वाय. चेंडू लागले. काही विशेष नाही.

६ मार्च

आज 'जुनं' करायला घेतलं. लाकडी ठशांचे छापे मोठ्या आकारात स्कॅन करून त्यांतले ओरखडे, टवके, शाई न लागलेले डाग गोळा केले आणि अक्षरांमधून वजा केले. पाच अक्षरांत संध्याकाळ झाली, पण दिसायला झकास. एच २८ नोडांवरून ६००च्या पुढे गेला.

१० मार्च

अडचण पहिली: एकाच शब्दात दोन ई आले की दोघांच्या कपाळावर तोच ओरखडा, त्याच जागी. बिंग फुटतं. उपाय माहीत आहे, प्रत्येक अक्षराची तीन-चार रूपं करायची आणि ओपनटाईप या फॉन्ट-फॉरमॅटच्या संदर्भानुसार बदलणाऱ्या नियमाने ती आळीपाळीने बसवायची. म्हणजे कॅपिटल, लहान, अंक सगळं गुणिले चार.

अडचण दुसरी: फाईल फुगली, आणि एक पूर्ण ओळ लिहिली की कर्सर अडखळतो.

अडचण तिसरी, आणि ही खरी. कोडचं काम बघणाऱ्या मित्राला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, हा फॉन्ट आहे की वाळवीने खाल्लेलं दार?" मी म्हटलं, लाकडी ठसेच आहेत, वाळवी लागणारच. तो म्हणाला, "पण ते नवीन असताना कसे दिसायचे?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

१४ मार्च

मित्राच्या प्रश्नाने चार दिवस झोप घालवली. ज्याने हे ठसे विकत घेतले, त्याला ते गुळगुळीत, कोरे मिळाले होते. झीज नंतर आली, छापखान्यात, हजारो पत्रकं काढताना. डाग शाईचे आणि कागदाचे. अक्षर काढणाऱ्याने यातलं काहीच काढलं नव्हतं. मी त्याचं काम सोडून छपाईवाल्याचं काम करत बसले होते. कुणाला झीज हवी असेल तर तो एका मिनिटात चित्रावर टेक्श्चर टाकेल, आणि माझ्यापेक्षा चांगलं टाकेल.

झिजलेली सगळी रूपं काढून टाकली. एच पुन्हा २८ नोडांचा.

आणि आता तो जुना दिसत नाही. नुसता जाड दिसतो.

२१ मार्च

मग जुनेपण आहे कुठे? आठवडा हत्यारांबद्दल वाचण्यात गेला, आणि वेळ सार्थकी लागला.

१८२७मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकडी अक्षरं कापायला फिरत्या पात्याचा राउटर वापरला, पुढच्याच वर्षी त्याचं नमुनापुस्तक आलं. १८३४मध्ये विल्यम लेव्हनवर्थने राउटरला पँटोग्राफ जोडला. त्याआधी मोठं अक्षर म्हणजे हाताने कोरलेलं लाकूड, नाहीतर धातूचा महाग आणि वजनदार खिळा (छपाईचा टाईप). आता एका साच्यावर सुई फिरवायची आणि त्याच आकाराची, लहान-मोठी हवी तेवढी अक्षरं मेपलच्या लाकडात कापायची. लाकूडही आडव्या कापाचं, तंतू उभे राहतील असं, म्हणजे दाबाखाली टिकतं. आकार 'ओळीं'त मोजायचे, एक ओळ म्हणजे १२ पॉइंटांचा पायका. दहा ओळींचं अक्षर १२० पॉइंटांचं.

माझ्या कामाची गोष्ट पात्यात आहे. फिरतं पातं गोल असतं. बाहेरचा कोपरा ते हवा तितका टोकदार कापतं, पण आतल्या कोपऱ्यात शिरू शकत नाही, तिथे त्याच्या त्रिज्येइतकी गोलाई उरते. ती नंतर माणूस सुरीने खरवडून काढायचा. जमेल तेवढी.

म्हणजे बाहेरचे कोपरे तिखट, आतले किंचित बोथट. आजचे बहुतेक 'व्हिंटेज' फॉन्ट नेमकं उलटं करतात: बाहेरचे कोपरे गोल घासतात आणि आतले काटकोनी सोडतात. झीज बघून काढलेले असतात ते, मी काढत होते तसेच.

एचच्या आतल्या सगळ्या कोपऱ्यांना ७ युनिट त्रिज्या दिली. बाहेरचे जसेच्या तसे. हातभर उंचीवर ही गोलाई ओळखू येते, त्याखाली दिसत नाही, पण स्लॅब दांड्यावर चिकटवल्यासारखा वाटायचा तो आता एकाच लाकडातून निघाल्यासारखा वाटतो. १२ फेब्रुवारीच्या वादात मला जे हवं होतं ते हेच. क्लॅरेंडनच्या ब्रॅकेटचा आणि या ७ युनिटांचा काही संबंध नाही. तो अलंकार, ही हत्याराची खूण.

२८ मार्च

आतले कोपरे सगळीकडे लागू केले. मग तिरक्या अक्षरांकडे वळले आणि डब्ल्यूपाशी अडकले.

चार तिरके दांडे १९०चे घेतले तर डब्ल्यू १२००च्या वर जातो. परंपरेप्रमाणे पहिला आणि तिसरा जाड, दुसरा आणि चौथा बारीक: १७६ आणि १२८. रुंदी १०६०. मधल्या टोकाला स्लॅब नाही, त्याला जागाच नाही. जिथे दोन तिरके मिळतात तिथे आतून अरुंद खाच खोल नेली. याला इंक ट्रॅप म्हणतात, टेलिफोन डिरेक्टरीसाठी मॅथ्यू कार्टरने १९७८मध्ये केलेल्या 'बेल सेंटेनियल'मुळे हे प्रसिद्ध आहे. तिथे बारीक अक्षरांत शाई भरून यायची म्हणून खाच होती. इथे शाईचा प्रश्न नाही, डोळ्याचा आहे. सांध्यावर काळा गठ्ठा जमतो तो हलका करायचा. त्यामुळे माझी खाच उथळ, आणि तिच्याही तळाला तीच ७ची गोलाई.

एम (कॅपिटल), व्ही, ए, के, एक्स त्याच रीतीने. एक्समध्ये बारीक दांडा सरळ ओढला की तुटून सरकल्यासारखा दिसतो. दोन तुकडे ९ युनिटांनी सरकवल्यावर सरळ दिसला.

कॅपिटल एस चौथ्यांदा. नको तो विषय.

४ एप्रिल

अक्षरांमधली जागा. पुस्तकी हिशेब असा की एचच्या आतल्या दांड्यांमध्ये २०० आहेत, तर दोन शेजारी एचच्या दांड्यांमध्येही २०० हवेत. स्लॅब ६०, बाजूची जागा ४०, पुन्हा ४०, पुन्हा ६०. जमतं. पण मथळ्यात ते सैल वाटतं, भिंतीच्या विटा सुट्या झाल्यासारखं. ४०चे २४ केले, दांड्यांमध्ये १६८. आता ठोकळे एकमेकांत अडकून बसलेत.

गंमत ओची. सान्समध्ये गोल अक्षराला सरळ अक्षरापेक्षा बाजूला कमी जागा देतात, हे हाताला इतकं बसलंय की ओला १४ देऊन मोकळी झाले. चुकलं. स्लॅबमध्ये एचचा दांडा कडेपासून आधीच ६० आत आहे, ओचं पोट थेट कडेला येतं. ओला ३६ लागले, एचपेक्षा जास्त.

११ एप्रिल

कर्निंग, म्हणजे ठरावीक जोड्यांमधली जागा कमी-जास्त करणं. स्लॅबमुळे बहुतेक जोड्या आपोआप नीट बसतात, कारण सगळ्यांना कडेला सारखीच पट्टी. भांडतात ते मोकळ्या कोपऱ्याचे: एल-टी, एल-वाय, ए-व्ही, टी-ए. आणि आर-ए, के-ए यांची पावलं एकमेकांवर चढतात, तिथे उलट जागा वाढवावी लागली.

लाकडी ठशांवर काम करणाऱ्यांकडे यावर सोपा उपाय होता, करवत. एलच्या खांद्यापाशी किंवा एच्या डोक्याशेजारी लाकडातच खाच पाडायची आणि शेजारचं अक्षर तिच्यात सरकवायचं. एकदा कापलं की कायमचं. माझ्याकडे 'अनडू' आहे, तरी एल-टीवर अडीच तास गेले. नियम एवढाच ठेवला की स्लॅब स्लॅबला शिवणार नाही, कमीत कमी ३० युनिट फट. एल-टीला सोडलं तर सगळ्यांनी पाळला.

दुहेरी एफ आणि एफ-आय यांची जोडाक्षरं केली. एफचा चेंडू आयच्या टिंबावर आपटत होता.

१६ एप्रिल

इंग्रजी अंक आणि विरामचिन्हं. शून्य ओपेक्षा अरुंद. दोनच्या पायाखाली पूर्ण स्लॅब, मोठा झोकदार. आठचा त्रास ईसारखाच, फक्त उंची जास्त म्हणून सुटला. अँपरसँड (&) तीन प्रकारे काढला, तिन्ही बसलेल्या बदकासारखे दिसतात. त्यातलं कमी बदक ठेवलं.

२० एप्रिल

डोक्यावरच्या खुणा. कॅपिटल ७००, त्यावर ४० मोकळे, मग १२०ची खूण: ८६०. व्हिएतनामीत एकावर एक दोन खुणा येतात, ती गेली १०१०वर. फॉन्टच्या पोटात उंचीच्या आकड्यांचे तीन संच असतात: एचएचइए, टायपो आणि विन. ओळींमधलं अंतर पहिल्या दोनांतून ठरतं, आणि विन कमी पडला तर काही विंडोज प्रोग्राम अक्षराचं टोक कापतात. तिन्ही १०१०ला नेले तर माझी भिंत कोसळते, ओळी लांब जातात. म्हणून विन मोठा, बाकी दोन घट्ट आणि एकमेकांसारखे, आणि 'यूज टायपो मेट्रिक्स'ची खूण चालू. फॉन्टबेकरीने (फॉन्ट तपासणारा प्रोग्राम) तपासून आणखी अकरा तक्रारी काढल्या, नऊ रास्त होत्या.

२७ एप्रिल

मित्र: "वजनाच्या रकान्यात काय लिहू? बोल्ड, ७००?"

मी: "अर्थात. दिसत नाही का किती जाड आहे ते?"

तो: "मग कुटुंबात रेग्युलर कुठाय?"

नाहीये. एकच वजन आहे. (इथले ७००, ४०० हे वजनाचे आकडे, युनिट नव्हेत.) बोल्ड म्हणून नोंदवलं तर काही प्रोग्राम रेग्युलर शोधत बसतात. रेग्युलर, ४०० म्हणून नोंदवलं तर वेबवर वेगळीच आफत: मथळ्याचा टॅग मुळातच बोल्ड मागतो, ब्राउझरला खरा बोल्ड सापडत नाही, मग तो आहे तेच अक्षर स्वतः फुगवतो. माझ्या ईचा १०६ युनिटांचा डोळा त्यात बुजला. आठवडाभर वाचवलेलं पांढरं एका सेकंदात गेलं!

ठरलं असं: नाव रेग्युलर, वजन ४००. सोबतच्या नमुना स्टाईलशीटमध्ये मथळ्यांचं वजन ४०० आणि 'फॉन्ट-सिंथेसिस'ला 'नन', म्हणजे ब्राउझरने स्वतः फुगवायचं नाही. वापरणाऱ्याने ते वाचलं नाही तर फुगलेला ठोकळा दिसेल. माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत टाकलंय.

५ मे

सगळी अक्षरं हातभर उंच छापून भिंतीवर लावली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितली. स्क्रीनवर न दिसलेल्या चार गोष्टी:

लहान जीचा कान (डोक्याच्या बाजूचा तुरा) फार लांब. क्यूची शेपटी स्लॅबशी स्पर्धा करते, १२०ची १०४ केली. बीचा वरचा मजला खालच्याइतकाच आहे, त्यामुळे डोळ्याला मोठा वाटतो, १८ युनिटांनी आत घेतला. आणि कॅपिटल एस पुढे झुकलाय.

एसच्या कण्याची जाडी २१०पर्यंत वाढवली होती, दांड्यांशी जुळावी म्हणून. त्याने वरचं पोट पुढे ढकललं होतं. उलटा करून छापला. उलटा जास्त चांगला दिसला. मग त्या उलट्यालाच सुलटा धरून वरची पोकळी थोडी लहान केली.

मित्र भिंतीकडे बघून म्हणाला, "हा नवीन आहे ना अजून?" मी म्हटलं, अगदी कोरा. तो म्हणाला, "मग ठीक आहे."

९ मे

अंतिम फाईल बांधली. ६ मार्चचं झिजेचं फोल्डर अजून डिस्कवर होतं, ते पुसलं. एल-टीला फट २२ युनिटांचीच राहिली, नियमात बसत नाही, राहू दे.

अँपरसँड पुढच्या आवृत्तीत.